तीन दातांची बायको

४ जून

सेइनीने ब्रिस्बेनहून ही वही पाठवली आहे. सोबत चिठ्ठी: नाऊ, रोज फोनवर जे सांगतेस ते यात लिहीत जा, मला कामावर असताना फोन घेता येत नाही. नाऊ, म्हणजे आई म्हणायचं, आणि जन्मदात्री आईला असं सांगायला लेकीला लाज वाटली नाही. पण वही चांगली आहे, कागद जाड आहे. फुकट घालवायची नाही.

आज लिहिण्यासारखं घडलंही. पुष्पा गाउंडर आली होती. मी मेट्रन होते त्या वसतिगृहातली पुष्पा ही मुलगी. चाळिशी उलटली तरी मला मेट्रनच म्हणते, आणि मीही ती दारात आली की आधी नखं बघते. हल्ली ती बायकांच्या केंद्रात काम करते. नवऱ्याचा मार खाऊन निघालेल्या बायकांना घर मिळवून द्यायचं हे तिचं काम.

"बाहेर काढणं सोपं आहे हो मेट्रन," माझ्यासाठी आणलेलं रोटीचं पुडकं स्वतःच सोडत ती म्हणाली. "पुढं राहायचं कुठं? आमच्याकडं ठेवून ठेवून किती दिवस ठेवणार? घरमालक पहिलं विचारतो, पुरुषमाणूस कुठाय? नाही म्हटलं की दार बंद. आणि पुरुषमाणूस आला की खिडक्या फोडतो. मग तर दार बंदच."

तिला माझं मागचं घर हवं होतं. माझ्या नवऱ्याने, अपिसाईने, ते आपल्या आईसाठी बांधलं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, वर नीरफणसाची सावली. सासूबाई गेल्यापासून तिथे जुन्या पेट्या आणि पाली राहतात. मी सरळ नाही म्हटलं. अपिसाई आज असता तर परकी बाई आवारात ठेवू दिली नसती.

"परकी कसली? कांदावू बेटावरची आहे. अपिसाईंच्या गावची," पुष्पा म्हणाली. हे तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. लहानपणापासून लबाड. नवऱ्याच्या गावची पोर दारात येणार म्हटल्यावर कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं?

एकच अट घातली तिने. कोणाला सांगायचं नाही. शेजारी नाही, चर्चमध्ये नाही. नवरा शोधतोय.

"तीस वर्षं तुम्हा कार्ट्यांची गुपितं पोटात ठेवली, आणि मला शिकवतेस?" मी म्हटलं.

७ जून

अकानिसी आली. उंच, हाडं दिसतात अशी, बोलते कमी. बरोबर पाच वर्षांची उनाइसी, एक पातेलं, आणि गुंडाळून दोरीने बांधलेल्या चटया. चटया तिने स्वतः विणलेल्या. कडेला लाल-हिरव्या लोकरीचे गोंडे, अगदी सासूबाई करायच्या तसे. बसून आम्ही नातं लावलं. तिची पणजी आणि सासूबाई सख्ख्या मावसबहिणी निघाल्या. म्हणजे मी तिची बुबू, आजीच की.

पुष्पाने भाडेकराराचा कागद आणला होता. नात्यात कागद कशाला, मी म्हटलं. पण अकानिसीने तो दोनदा वाचला, आपलं नाव बोटाने तपासलं, मग सही केली. तिला याआधी दोन घरं सोडावी लागली आहेत. पहिल्या घरी नवऱ्याने येऊन खिडकीच्या काचेच्या पट्ट्या फोडल्या, आणि मालकाने हिचंच सामान अंगणात काढून ठेवलं. दुसरा मालक दिवेलागणीला भाडं मागायला यायचा आणि बसून राहायचा. हे सगळं पुष्पाने सांगितलं. अकानिसी तोवर फरशी पुसत होती.

१२ जून

साखरेची गिरणी सुरू झाली. सकाळी भोंगा वाजला आणि उसाच्या पहिल्या आगगाडीची शिट्टी ऐकू आली.

काय दिवस होते ते! अपिसाई उसाच्या गाडीवर ड्रायव्हर होता. हंगामात दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर काळी राख पडायची, आणि आम्ही गिरणीच्या वस्तीतल्या बायका एकमेकींच्या नावाने हाका मारत कपडे काढायला धावायचो. शनिवारी गिरणीच्या क्लबात गिटार. अपिसाई गायला लागला की साहेबलोकांच्या बायकासुद्धा खुर्च्या पुढे ओढायच्या. असा देखणा, असा हसरा माणूस आमच्या सगळ्या लौटोका शहरात नव्हता.

पुलाजवळ आला की तो माझ्यासाठी शिट्टी वाजवायचा. चहाचं पाणी ठेव, ही आमची खूण. घरात पाऊल टाकलं की कप हातात हवा, कढत हवा. अजूनही शिट्टी ऐकली की माझे हात आपोआप किटलीकडे जातात आणि पोटात गोळा येतो. इतकी वर्षं झाली त्याला जाऊन, पण प्रेम काही जात नाही.

आजही मी उठून पाणी ठेवलंच. मग तो चहा अकानिसीकडे घेऊन गेले.

१९ जून

अकानिसीने मागच्या घराचा कायापालट केला. पेट्या एकावर एक रचल्या, पाली गेल्या, चटया अंथरल्या. अंगणात कसावा लावला. उनाइसी दिवसभर नीरफणसाखाली गाते, आणि मी पुढच्या ओसरीवरून तिला सूर सांगते. वसतिगृहात मुली संध्याकाळी प्रार्थना म्हणायच्या ते दिवस आठवतात. घरात पोराचा आवाज असला की भिंतीसुद्धा बऱ्या दिसतात. सेइनीने मला एक नातवंड दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण ती लग्नाचं नावच काढत नाही.

संध्याकाळी आम्ही अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून पुड्या केल्या. करता करता मी तिला माझी गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी प्रत्येक लग्नात सांगते, लोक मागून मागून ऐकतात. सेइनी पोटात असताना मी माहेरी निघून गेले होते. नवीन संसार, कुरबुरी होतातच. तर अपिसाईची माणसं व्हेलचा दात घेऊन माझ्या बापाच्या दारात आली. दात दिला की आमच्यात ती रीतसर माफी. अपिसाई मागे बसून लहान पोरासारखा रडत होता. बापाने दात घेतला, सगळ्यांनी वाट्या भरून यांगोना प्यायला, आणि मी नवऱ्याबरोबर बसमध्ये बसून परत आले. पुढे आणखी दोनदा असंच झालं. तीन दात! इथल्या राण्यांसाठीसुद्धा कोणी तीन आणले नसतील. गिरणीच्या वस्तीत मला तेव्हापासून तीन दातांची बायको म्हणतात.

अकानिसी पुडी बांधत होती. खाली बघतच म्हणाली, "बुबू, तीनदा निघून का जावं लागलं?"

म्हटलं ना, कुरबुरी.

मग तिने माझ्या उजव्या मनगटाकडे पाहिलं. ते पूर्ण वळत नाही, त्यामुळे माझ्या पुड्या जरा सैल बांधल्या जातात. "हे कशानं?"

"पडले होते. पायरीवरून."

तिने पुढचं पान उचललं. हल्लीच्या मुलींना मोठ्यांशी बोलायचं वळण नाही. गोष्ट संपल्यावर निदान हसायचं तरी.

२७ जून

आज एक अजब झालं. सायरूसी आला होता. अकानिसीचा नवरा.

अकानिसी बाजारात चटया विकायला गेलेली, उनाइसी तिच्याबरोबर. मी ओसरीवर होते. फाटकाशी एक तरणाबांड माणूस, हातात मासळीची माळ, डोकं खाली. आत यायला परवानगी मागितली. पायरीच्या खालीच बसला. आवाज इतका मऊ की मला ऐकायला पुढे वाकावं लागलं. चूक झाली बुबू, म्हणाला, दारू सोडली आहे, पोरीची आठवण येते. बोलता बोलता त्याचं लक्ष माझ्या गळक्या पन्हाळीकडे गेलं. शिडी मागितली, वर चढला, आणि माझा दीर इनोके चार महिने उद्या-उद्या करतो ते काम तासाभरात करून दिलं. वर काम करताना गात होता.

मला वाटलं, अपिसाईच परत आला.

मी त्याला बसवून स्पष्ट सांगितलं. असं फाटकातून डोकावून काही होत नाही. बायको परत न्यायची तर घराण्याला शोभेल अशी ने. तुझ्या मोठ्यांना घेऊन ये, दात घेऊन ये, रीतीने बोल. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि डोळे पुसले.

त्याला पत्ता कसा लागला हे मात्र कळत नाही. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. फक्त पाद्रीबाईंना सांगितलं होतं, तेही प्रार्थनेत नाव घ्यायचं म्हणून. देवाला गावाचं नाव सांगितल्याशिवाय कोण अकानिसी हे कसं कळणार?

२८ जून

पुष्पा आली ती फाटकापासूनच ओरडत आली. सायरूसीच्या भावाची बायको आमच्याच प्रार्थना मंडळात बसते म्हणे! मला काय स्वप्न पडलं होतं?

"मेट्रन, अख्ख्या मंडळात नाव वाचून दाखवलं पाद्रीबाईंनी! गावासकट! रस्त्यासकट!"

"प्रार्थना होती ती, पुष्पा."

"आणि वर त्यालाच निमंत्रण? या म्हणून?"

"वर तोंड करून बोलू नकोस. पन्हाळ बघ कशी सरळ बसवली आहे."

पुष्पाने पन्हाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डोकं धरून पायरीवर बसली. नंतर शांतपणे बोलली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. अकानिसी नवऱ्याच्या घरातून निघाली तेव्हा तिच्या दोन बरगड्या मोडलेल्या होत्या. ती उद्या कोर्टातून मनाई हुकूम आणायला जाते आहे, सायरूसीला या आवारात पाऊल टाकता येणार नाही. पण दात घेऊन येणाऱ्या मोठ्यांना कुठलं कोर्ट अडवणार?

मी तिला चहा दिला. तिने घेतला नाही. पुष्पाने माझा चहा नाकारला असं कधी झालं नव्हतं.

६ जुलै

इनोके आला. इनोके म्हणजे अपिसाईचा धाकटा भाऊ, गिरणीत बॉयलरवर होता. आता लौटोकातल्या कांदावूकरांमध्ये तोच मोठा, त्यामुळे त्याच्या अंगात वारं शिरलं आहे. सायरूसीकडून निरोप आला आहे, शनिवारी दात घेऊन येतात. अकानिसीचा बाप आता हयात नाही, गाव समुद्रापलीकडे. दात इनोकेच घेणार, आणि माझ्याच घरात.

"वहिनी, झकास केलंत," म्हणाला. "दात घेतला की पोर आपल्या घरी. तुमची कटकट मिटली."

"मला काही कटकट नाही तिची," मी म्हटलं.

"तसं नव्हे हो. पण एकट्या बाईला असं घर देऊन बसलं की बाकीच्यांच्या बायकांनाही पंख फुटतात. दादा असता तर..."

दादा असता तर काय, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

८ जुलै

अकानिसीला मीच सांगितलं. ती रडेल, ओरडेल म्हणून तयारीत गेले होते. तिने फक्त "बरं" म्हटलं आणि चटईचं एक टोक उचलून गुंडाळायला लागली.

"अगं, ऐकून तर घे. मी बोललेय त्याच्याशी. बदललाय तो."

"बुबू, याआधी दोनदा दात आलाय. हा तिसरा."

खरं सांगते, मला क्षणभर आनंदच झाला. माझ्यासारखेच तीन! तसं मी बोलूनही दाखवलं. ती गुंडाळायची थांबली.

"दोन्ही वेळा रडला. दोन्ही वेळा गावानं त्याला उठवून जवळ घेतलं. मग घरी गेल्यावर मला तोंड उघडायची सोय राहिली नाही. काही म्हटलं की म्हणायचा, दात दिलाय ना तुझ्या बापाला? मग आता गप. आणि हाणायचा."

आवाज न चढवता सांगत होती. उनाइसी शेजारी बसून गोंडे सरळ करत होती, जणू आई भाजीचा भाव सांगते आहे.

ते वाक्य मला ओळखीचं वाटलं. दात दिलाय ना तुझ्या बापाला. कुठे ऐकलं ते आठवेना. घरी येऊन भांडी घासली, पुन्हा घासली, तरी आठवेना. मनगट दुखतं आहे, हवा बदलणार बहुतेक.

११ जुलै

सगळे गेले, आता लिहायला बसले आहे.

इनोके सकाळीच कमरेला इस्त्रीची सुलू नेसून हजर. पुढच्या खोलीत मी सासूबाईंची मोठी चटई अंथरली. पुष्पा मागच्या स्वयंपाकघरात फोन हातात घेऊन बसली. "मी फक्त चहा करायला आलेय," म्हणाली. तिने चूल पेटवलीसुद्धा नाही.

पाचजण आले. सायरूसी नव्हता. कोर्टाच्या हुकुमामुळे तो कोपऱ्यावर गाडीत बसून राहिला. त्यांच्यातला म्हातारा पुढे सरकला, दोरीतला दात दोन्ही हातांवर धरला आणि बोलायला लागला. बोलणं इतकं सुंदर की मान डोलावी. दात लहान आहे, आमची लाज मोठी आहे. चूल थंड आहे, पोरीची जागा रिकामी आहे. असं बोलणारी माणसं आता उरली नाहीत. माझ्या बापाच्या अंगणात असेच शब्द पडले होते. मला सगळं दिसत होतं, बापाचा ताठ कणा, आंब्याची सावली, माझी बांधून ठेवलेली पेटी. पेटी आधीच बांधलेली असायची.

अकानिसी दाराशी मान खाली घालून बसली होती. एका हाताचा अंगठा दुसऱ्या मुठीत धरून इतका दाबत होती की नखं पांढरी पडली. मी विचार केला, किती दाबतेय ही. मग माझं लक्ष माझ्या मांडीवर गेलं. माझेही हात तसेच होते.

इनोकेने दात घेतला. रीतीचे शब्द म्हणाला, माफी केली, सगळ्यांनी ओंजळीने टाळ्या वाजवल्या. मग म्हातारा म्हणाला, लेकीने सामान घ्यावं, गाडी उभी आहे.

बायका अशा बैठकीत बोलत नाहीत. मी आजवर बोलले नव्हते.

"इनोके," मी म्हटलं, "दात घेतलास, चांगलं केलंस. माफी झाली. आता सामानाचं बोलते. ज्या घरात ते सामान आहे ते घर माझं. वर्षभरासाठी मी ते या मुलीला दिलंय. तिच्या नावावर दिलंय, गावाच्या नाही."

"वहिनी!" इनोकेचा चेहरा काळानिळा झाला. "ही जागा आहे का बोलायची?"

"माझीच जागा आहे."

म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. "मरामा, बाईसाहेब, दाताबरोबर बाई परत जाते. तुम्हाला रीत माहीत आहे."

"माहीत आहे. माझ्यासाठी तीन आले," मी म्हटलं. "तिन्ही वेळा बापाला विचारलं, काकांना विचारलं, मामांना विचारलं. तुम्ही एकदा हिला विचारा."

कोणी विचारेना. शेवटी मीच विचारलं. "अकानिसी, जायचंय तुला?"

मला वाटलं ती हो म्हणेल. आम्ही सगळ्या हो म्हणतो.

"नाही," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. पण सगळ्यांनी ऐकलं.

म्हाताऱ्याने हात चटईवर टेकले. मग म्हणाला, "दात परत नेत नाही आम्ही. माफीसाठी आणला होता, माफी मिळाली." त्याने आपल्या माणसांना उठवलं. त्याचे गुडघे धरले होते, तर अकानिसीनेच उठून त्याला हात दिला. त्याने तो घेतला.

कोपऱ्यावरच्या गाडीचा हॉर्न मात्र कितीतरी वेळ वाजत राहिला. पुष्पा बाहेर आली तेव्हा फोनवर पोलीस चौकीशी बोलतच होती.

इनोके जाताना म्हणाला, "माझं नाक कापलंत वहिनी. दादाचं पण." मी त्याला थांबवलं नाही. त्याच्यासाठी केलेली पुडी तशीच राहिली.

मला काय झालं ते मला अजून सांगता येत नाही. अपिसाईचा फोटो भिंतीवर आहे, त्याच्याकडे बघायची हिंमत होत नाही. त्याला राग आला असेल. आणि मला भीती वाटते आहे. तो जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मला आता भीती वाटते आहे.

१६ जुलै

प्रार्थना मंडळात माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. पाद्रीबाईंनी लांबूनच मान हलवली. नकोत बसायला. मी मोठ्याने गायले.

घरी आले तर मागच्या घराच्या खिडकीच्या सगळ्या काचा खाली. दोघी बाजारात होत्या म्हणून वाचल्या. पोलीस आले, सायरूसीला घेऊन गेले. हुकूम मोडला म्हणून आता आत ठेवतील, असं पुष्पा सांगते. किती दिवस ते तिलाही माहीत नाही.

पोलीस गेल्यावर मी मागे गेले. अकानिसी चटया गुंडाळत होती. एक बांधून झाली होती.

"कुठं निघालीस?"

"उद्यापर्यंत जाते, बुबू. काचांचे पैसे फेडीन हळूहळू."

"कशाचे पैसे? कोणी सांगितलं जा म्हणून?"

ती माझ्याकडे बघत राहिली. काचा फुटल्या की घर सुटतं, हे तिला इतकं पाठ झालं होतं की दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच येईना. मला तिचा राग आला, तिच्या आधीच्या मालकांचा आला, आणि कोणाचा आला देव जाणे.

"मापं घे खिडकीची," मी ओरडले. वसतिगृहात ओरडायची तशी. "आणि नीट घे. दुकानदार परत घेत नाही. उनाइसी, तू चप्पल घाल आधी, पायाला काच लागेल!"

दुपारी आम्ही तिघी काचेच्या पट्ट्या घेऊन टॅक्सीने आलो. अकानिसीने एक एक पट्टी बसवली, मी खालून देत होते. मधेच ती शिडीवर बसून रडली. या दीड महिन्यात पहिल्यांदा. मी पट्टी हातात धरून उभी राहिले. मग पुढची पट्टी दिली.

२ ऑगस्ट

पुष्पा चहा प्यायली आज. दोन कप. शिवाय विचारते, "मेट्रन, तुमच्या प्रार्थना मंडळात कोणाकडं रिकामी खोली आहे का? अजून दोघीजणी आहेत." मी म्हटलं विचारून बघते. मग तिच्या तोंडाकडे पाहून म्हटलं, नाव-गाव न सांगता.

संध्याकाळी सेइनीचा फोन आला. रविवार, तिला सुट्टी. मी तिला सगळं सांगितलं, इनोके, म्हातारा, काचा, मंडळातल्या बायका. माझी बढाई जरा जास्तच झाली असेल. ती मधे हसेल म्हणून थांबत होते. हसली नाही. मला वाटलं लाइन गेली.

"सेइनी?"

"आहे मी, नाऊ."

"अगं, तुला आठवत असेल ना, तिसरा दात आला तेव्हा तू सात वर्षांची होतीस. हात जोडून, डोळे घट्ट मिटून बसली होतीस आजोबांच्या मांडीशी. बाबाकडे परत जायचंय म्हणून देवाला सांगत होतीस. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणलंस पोरी."

"मी देवाला सांगत होते की आजोबांचा हात पुढं होऊ देऊ नको," ती म्हणाली. "दात घेऊ देऊ नको."

मी म्हटलं, एवढीशी होतीस, तुला काय कळत होतं. ती म्हणाली, सगळं. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं.

मी तिला विचारलं, मग इतक्या वर्षांत एकदाही बोलली का नाहीस? प्रत्येक लग्नात मी ती गोष्ट सांगायचे, तू शेजारीच बसलेली असायचीस.

"तू ती किती आनंदानं सांगायचीस, नाऊ," सेइनी म्हणाली.